तिसऱ्या हाकेला

शाहीन मॅडमना काही विचारलं, की पहिल्यांदा काहीच व्हायचं नाही. कॉलेजात नवीन आलेला माणूस हमखास गडबडायचा. आपलं काही चुकलं का, बाईंना कमी ऐकू येतं का, की आपण आवडलोच नाही, असे नाना तर्क त्याच्या चेहऱ्यावर उमटायचे. बाई त्याच्याकडे शांतपणे बघत असायच्या, चहाचा कप हातात तसाच. शेवटी हताश होऊन त्याने पावसापाण्याचं काहीतरी काढलं, की त्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या. उत्तर नेमकं असायचं, पण तोवर विचारणारा आपण काय विचारलं होतं तेच विसरलेला असायचा.

पोरांनी त्यांचं नाव 'लोडशेडिंग मॅडम' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "बरोबर ठेवलंय," त्या म्हणायच्या. "लोडशेडिंग म्हणजे लाइट परत येणार हे नक्की."

जालन्याच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एकाच विभागात शिकवायचो. मी त्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचा, शेतकऱ्याच्या घरचा. त्या जुन्या जालन्यातल्या. घरी उर्दू, वर्गात मराठी आणि इंग्रजी, आणि रागावल्या की अस्सल दखनी. त्या रागवायच्या फार क्वचित, त्यामुळे ती दखनी मला पोटभर ऐकायला मिळाली नाही, याची हळहळ आजही आहे. वडिलांचं, म्हणजे अब्बांचं, शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान होतं. मॅडमच्या पर्समध्ये नेहमी एक स्क्रू-ड्रायव्हर, एक तेलाची कुपी आणि एक मुका केलेला मोबाइल असायचा. फोन उचलत का नाही म्हणून मी एकदा वैतागलो, तर म्हणाल्या, "सर, काम खरं असेल तर माणूस लागोपाठ करतो. एकदा करून सोडून देतो, त्याचं काम त्याचं त्यालाच नको असतं."

हे सगळं स्वभावातून आलं होतं की त्यांच्या अभ्यासातून, हे मला कधी ठरवता आलं नाही. त्यांची पीएचडी चालू होती स्पायकिंग न्यूरल नेटवर्कवर. म्हणजे मेंदूच्या धर्तीवर चालणारं जाळं, आणि त्या जाळ्याला शिकवायच्या पद्धती. एआय हल्ली पानटपरीवरही सगळ्यांना ठाऊक आहे. ते अखंड आकडेमोड करत राहतं आणि ढिगाने वीज खातं. मॅडमच्या जाळ्यातली पेशी मात्र गप्प बसते. येणारे इशारे साठवते, पुरेसे साठले की एकच ठिणगी टाकते आणि परत गप्प. त्यामुळे वीज लागते नावाला. असलं यंत्र बॅटरीवर रानात बसवून ठेवता येतं. घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी: अशा अबोल पेशींना शिकवायचं कसं?

वर्गात त्या हे अब्बांवरून समजवायच्या. "अब्बा दुकानात पेपर वाचत बसलेले असतात. मी एक हाक मारते. काही नाही. थोड्या वेळाने दुसरी मारते. काही नाही, कारण तोवर ते पहिली विसरलेले असतात. पण लागोपाठ तीन हाका मारल्या, की तिसऱ्या हाकेला 'ओ' येते. ही झाली पेशी. हाका साठतात, आणि मध्ये वेळ गेला की गळूनही जातात."

धावड्याचा एक विद्यार्थी होता, त्याने विचारलं, "मॅडम, मंग शिकती कशी ती?"

वर्ग शांत. बाईही शांत. पोराला वाटलं, आपण गाढवासारखं विचारलं. तो खाली बसला, वही काढली, शेजाऱ्याशी कुजबुजायला लागला, तेव्हा उत्तर आलं.

"तू बोलायच्या आधी ज्याने तुला सुचवलं, त्याच्या शब्दाचं वजन वाढव. तू बोलून झाल्यावर जो येऊन 'मी म्हटलंच होतं' म्हणतो, त्याचं वजन कमी कर. पेशी एवढंच करते. कोण आधी आलं, कोण मागून आलं, त्यावरून कुणाचं किती ऐकायचं ते ठरवते. मास्तर लागत नाही."

हे वाक्य कॉलेजभर झालं, आणि त्यात आमच्या विभागप्रमुखांचा बळी गेला. 'मी म्हटलंच होतं' हे त्यांचं लाडकं वाक्य. स्नेहसंमेलनात ऐन नाटकाच्या वेळी माइक बंद पडला. पळापळ झाली. साहेब पहिल्या रांगेतून उठून म्हणाले, "मी म्हटलंच होतं, त्या मंडपवाल्याला देऊ नका." मागून कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "सर, वजन कमी!" सगळा हॉल हसला. साहेबांना काही कळलं नाही, म्हणून तेही हसले. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या हसल्या दुसऱ्या दिवशी, स्टाफरूममध्ये, माझं मस्टर सही करून होईपर्यंत.

विद्यापीठातल्या त्यांच्या मार्गदर्शकांशी मात्र त्यांचं या पद्धतीवरून जमेना. माणूस चांगला होता, घाईत होता इतकंच. त्यांचं म्हणणं, दुसरी एक पद्धत चांगली रुळली आहे, ती घ्या. त्या पद्धतीत प्रत्येक वेळी बरोबर उत्तर दाखवून यंत्राची चूक काढतात आणि ती चूक मागे मागे पोचवत वजनं सुधारतात. त्यासाठी चढउतार लागतो, म्हणजे वजन जरासं बदललं की उत्तरही जरासं बदलायला हवं. ठिणगीला चढउतार नसतो. ती एकतर पडते, नाहीतर पडत नाही. म्हणून शिकवण्यापुरता एक खोटा उतार मानून घ्यायचा.

"वाईट नाही हो ती पद्धत," मॅडम मला सांगायच्या. "खोटा उतार धरूनही खरं उत्तर येतं. पण तिला मोठा कॉम्प्युटर लागतो, आणि शेजारी बसून बरोबर-चूक सांगणारा लागतो. टेंभुर्णीच्या विहिरीवर कोण बसणार?"

टेंभुर्णीची विहीर म्हणजे आमची. मोसंबीची बाग तिच्यावर. शेती माझा मोठा भाऊ बघतो. त्याला सगळे दादाच म्हणतात. दादाच्या मोटरीचं बेअरिंग तेव्हा आजारी होतं. बारीक घरघर यायची. अशी घरघर वेळेत ओळखली नाही, तर मोटर जळते, आणि ऐन उन्हाळ्यात बागेला पाणी नाही. दादा मात्र "बघू, बघू" करत चालवत होता. बांधापलीकडे कचरूभाऊंची विहीर, त्यांची मोटर ठणठणीत. एक आजारी, एक निरोगी, आणि मध्ये फक्त बांध. हे मी सहज बोललो, आणि पुढच्या रविवारी मॅडम एसटीने टेंभुर्णीत हजर. सोबत साबणाच्या वडीएवढी डबी. तिच्यात माइक, त्यांचं जाळं, आणि बाहेर एक लाल दिवा. डबी कधी या विहिरीवर, कधी त्या विहिरीवर राहायची आणि आपली आपण ऐकून शिकायची. कुणी तिला काही सांगायचं नाही.

वहिनी त्यांना जेवल्याशिवाय सोडायची नाही. मॅडम बाजरीची भाकरी आणि ठेचा मागून घ्यायच्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायच्या. पहिल्यांदा दादाने विचारलं, "म्याडम, तिखट झालं का?" उत्तर आलं ते हात धुताना. "बिलकुल."

काही आठवड्यांत डबी शिकली. दादाच्या विहिरीवर दिवा लागायचा, कचरूभाऊंच्या विहिरीवर लागायचा नाही. एकदाही चूक नाही. मार्गदर्शकांना कळवलं, तेही खूश झाले. विद्यापीठाच्या तज्ज्ञांसह स्वतः बघायला येतो म्हणाले. मॅडमना मिळालेली मुदतवाढ शेवटची होती आणि कॉलेजने स्पष्ट सांगितलं होतं, पीएचडी झाली तर नोकरी पक्की, नाहीतर दुसरा माणूस बघू. सगळं त्या डबीवर येऊन थांबलं होतं. मी तर पेढे कुठून आणायचे हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

ते यायच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही विहिरीवर बसलो होतो. लाइट यायची वेळ झाली होती. लाइटीचा नेम नसतो, म्हणून दादाने स्टार्टरला ऑटो बसवला आहे. लाइट आली की तो आपोआप मोटर सुरू करतो. लाइट आली, डबीचा दिवा लागला आणि मग मोटर सुरू झाली.

दादा खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाला, "पाह्यलं का! मोटरीनं तोंड उघडायच्या आदीच हे वळखून राह्यलं. माझी बायको बी एवढ्या जल्दी वळखत न्हाई मला."

आम्ही हसलो. मॅडम गप्प. नेहमीचीच गोष्ट म्हणून मी लक्ष दिलं नाही. दादाने मोसंबीच्या भावाचा विषय काढला. बराच वेळ गेला.

"दादा," त्या म्हणाल्या, "मोटर सुरू व्हायच्या आधी? नक्की आधी?"

"आदीच म्हंतो ना. रोजच आदी लागतो."

बाई मोटरीचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेला जाऊन बसल्या. चेहरा उतरला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, आवाजच नाही, तर ते ओळखतंय काय?"

आणि मग त्यांनीच उत्तर दिलं. जे आधी येतं त्याचं वजन वाढवायचं, हीच तर त्यांची पद्धत. घरघरीच्या आधी मोटरीचा पहिला हुंकार येतो. त्याच्या आधी स्टार्टरचं खट्. त्याच्याही आधी ऑटोची बारीक टक्. पेशी एकेक पायरी मागे सरकत गेल्या आणि त्या टकेवर जाऊन बसल्या. आजाराशी त्यांना देणंघेणं उरलं नव्हतं. आणि कचरूभाऊंच्या विहिरीवर ती टक् नव्हतीच, कारण त्यांचा ऑटोवर काडीचा विश्वास नव्हता. "ऑटो म्हंजी बिनमालकाचं काम," म्हणायचे आणि लाइट आली की स्वतः जाऊन बटण दाबायचे. डबीला मोटर आजारी आहे हे कळत नव्हतं. विहीर कुणाची, एवढंच कळत होतं.

दादाला हे समजायला वेळ लागला, पण समजलं. तो म्हणाला, "म्याडम, तुम्ही बोलूच नका काही. दिवा लागून राह्यला ना? सायबाला दिवा दाखवायचा, शिक्का घ्यायचा. मंग करा की दुरुस्त निवांत."

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.  चहा झाला, भाकरी झाली, दादाने ठिबकच्या नळ्यांचं काहीतरी सुरू केलं, आणि मग मॅडम म्हणाल्या, "दादा, उद्या कचरूभाऊंची मोटर बिघडली तर ही डबी गप्प बसेल. ते म्हणतील, डबी गप्प आहे, म्हणजे सगळं बराबर. आणि मोटर जळेल." दादाने नळी हातातून खाली ठेवली.

मार्गदर्शक आले, बरोबर एक तज्ज्ञ. मॅडमनी आधी सगळं रीतसर दाखवलं. इकडे दिवा लागला, तिकडे नाही लागला. मार्गदर्शकांनी तज्ज्ञांकडे बघून मान डोलावली. "छान. आता निघूया?"

"एकच राहिलंय, सर," मॅडम म्हणाल्या आणि दादाला मेन बंद करून मोटरीची वायर सोडायला लावली. दादा माझ्याकडे बघत बघत, नाइलाजाने, वायर सोडून आला. मेन पुन्हा चालू केला. ऑटो टक् झाला. दिवा लागला. विहिरीत मोटर ढिम्म होती. कुठेतरी टिटवी ओरडत होती, तेवढाच आवाज.

"मोटर बंद आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि माझं यंत्र तिला आजारी म्हणतंय. माझी पद्धत मोटर ऐकत नाहीये."

 मला असा राग आला त्या बाईचा, आणि त्याच क्षणी असा अभिमान वाटला, की कुठे बघावं कळेना.  मार्गदर्शक हळू आवाजात म्हणाले, "हे आजच दाखवायची गरज होती का?"

 त्यांनी उत्तराची वाट बघितली, मग घड्याळ बघितलं, वहिनीचा चहा घेतला, परतीच्या रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलले. गाडीत बसून दार लावलं, तेव्हा मॅडम काचेजवळ वाकून म्हणाल्या, "गरज होती, सर." त्यांनी काच खाली करून नमस्कार केला. त्यात राग नव्हता, एवढं मी बघितलं.

मुदत गेली. कॉलेजने वर्ष संपेपर्यंत ठेवलं आणि मग सुबक इंग्रजीत आभार मानले. विभागप्रमुखांना 'मी म्हटलंच होतं' म्हणायची एवढी नामी संधी होती, पण ते म्हणाले नाहीत. माझ्या मनात त्यांचं वजन त्या दिवशी वाढलं.

गंमत अशी, की त्या उरलेल्या महिन्यांतही बाईंची टेंभुर्णीची रविवारची एसटी चुकली नाही. आता कशाला, हे विचारायची माझी छाती नव्हती. पहिलं काम होतं कचरूभाऊंना ऑटो बसवायचं. भाऊ अडून बसले. मॅडमनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या नुसत्या समोर बसून राहिल्या. शेवटी भाऊच वैतागून म्हणाले, "बसवा बाई, पण अशा पाहू नका माझ्याकडं." दोन्हीकडे टक् सारखी झाली. जे दोन्हीकडे सारखं, त्यावरून काही ओळखता येत नाही, म्हणून पेशींना तिचा नाद सोडावा लागला.

दुसरं, त्यांनी पद्धतच बदलली. नुसतं आधी-मागून बघून वजन कायम करायचं नाही. ते कच्चं ठेवायचं, आणि तिसऱ्या कुणीतरी दुजोरा दिला, तरच पक्कं करायचं. तो तिसरा म्हणजे दादा. डबीला एक हिरवं बटण आलं. दिवा खराच घरघरीवर लागला, तर दादाने ते दाबायचं. दादा नुसतं दाबायचा नाही, अंगठ्याने दाबून धरायचा आणि वर तोंडाने म्हणायचा, "बराबर!" मास्तर लागत नाही म्हणणाऱ्या बाईंनी शेवटी आठवी नापास मास्तर ठेवला, असं मी चिडवलं. त्यांनी त्यावर पुढच्या रविवारी उत्तर दिलं. "मास्तर नाही, सर. तो उत्तर सांगत नाही. नुसती शाबासकी देतो."

घरघर पुरती शिकून झाल्यावर दादाच्या मोटरीचं बेअरिंग बदललं आणि डबी कचरूभाऊंच्या विहिरीवर ठेवली. आता दोन्ही मोटरी निरोगी. डबी गप्प बसली. आठवड्यांमागून आठवडे गप्प. ती शिकली म्हणून गप्प होती की मेली म्हणून, हे कळायला काही मार्ग नव्हता. कचरूभाऊ तिच्या खिळ्याला आपली टोपी अडकवायला लागले.

मॅडमना परभणीला, त्यांच्या भावाच्या गावी, एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी त्या कॉलेजात येऊन गेल्या. डबीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. निघताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. मला वाटलं, काहीतरी सांगतील. मी बराच वेळ वाट बघितली. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन. "आरं, कचरूभाऊच्या इथं दिवा लागला काल! आमच्या कानाला काईच न्हाई आलं. भाऊ म्हंले, डबी येडी झाली. तरी बी मोटर काढून खोलली. बेरिंग पार गेल्तं! म्याडमला सांग जल्दी."

मी मॅडमना फोन लावला. तो पर्समध्ये मुका पडला असणार. गाडी काढली आणि बसस्टँड गाठला. परभणीची गाडी फलाटाला लागलेली, इंजिन सुरू, कंडक्टर दारात. मधल्या एका खिडकीशी मॅडम बसल्या होत्या, समोर बघत.

"मॅडम!" मी ओरडलो. काही नाही. वाटेत आलेला सामानाचा हातगाडा चुकवला आणि पुन्हा हाक मारली. काही नाही. गाडी हलायला लागली. तेव्हा मला अब्बा आठवले. मी पळत पळत, श्वास न घेता, लागोपाठ हाका मारल्या. "मॅडम! मॅडम! मॅडम!"

तिसऱ्या हाकेला त्यांनी वळून बघितलं.

"दिवा लागला!" मी म्हणालो. "कचरूभाऊंच्या विहिरीवर!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नेहमीसारख्याच, शांत. गाडी मागे सरकली, वळायला लागली. मी तिच्याबरोबर चालत होतो, लोक बघत होते, आणि आता काही उत्तर येत नाही, असं वाटून मी थांबलो. तेव्हा खिडकीतून आवाज आला.

"मोटर चालू होती का?"

"चालू होती!" मी सगळा जीव एकवटून ओरडलो. "चालू होती, मॅडम!"

या वेळी त्यांनी वेळ घेतला नाही. खिडकीच्या गजावर अंगठा ठेवला आणि दादा ते हिरवं बटण दाबायचा, तसा दाबून धरला. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो अंगठा तिथेच होता.